ताई आधी बघून येते

कोंबडी दुसऱ्यांदा गरम करून झाली, तरी छोट्याचा पत्ता नव्हता.

अण्णा वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे ते डोळ्यांसमोर धरून बसले होते. पान मघापासून एकच होतं. ताईच्या नवऱ्याला या घरात सगळेच भाऊजी म्हणत, अगदी सासरेसुद्धा. त्यांनी काकडीच्या चकत्या एकेक करत अर्धी ताटली संपवली होती. छोट्याची बायको खिडकीशी उभी होती, पण रस्त्याकडे पाठ करून. आणि ताई टेबलावरचे काटे-चमचे सरळ करत होती. ते आधीच सरळ होते.

"बसा तरी सगळे," ताई म्हणाली. "तो आला की येईल."

"आला की येईलच," भाऊजी म्हणाले. "न येता येणार कसा?"

छोट्या चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि या घराच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे. तरी तो छोट्याच. नाव ताईने ठेवलेलं, आणि ताईने दिलेली वस्तू परत करायची सोय त्या घरात नव्हती. अण्णांचं काचेचं दुकान आता तोच चालवायचा. खिडक्यांची तावदानं, कपाटांच्या काचा, आरसे. मागच्या महिन्यात एक मोठी काच कापताना त्याचा हात हलला. तो का हलला हे दुकानात कोणी विचारलं नाही, कारण सकाळचं दुकान नुकतंच उघडलं होतं आणि दारूचा वास सगळ्यांनाच आला होता. बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. नवऱ्याच्या तळहातात रुतलेले काचेचे तुकडे तिने स्वतःच्याच यंत्रावर पाहिले, डॉक्टरांना दाखवले, आणि घरी आल्यावर जे सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात तिला नोकरी मिळत होती. हो की नाही ते कळवायला मुदत होती, ती येत्या शुक्रवारी संपत होती. हो म्हटलं तर ती एकटी जाणार होती. आवाज चढवला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. तिने चढवला नाही.

त्यानंतर छोट्या बैठकीला जायला तयार झाला. दारू सोडू पाहणारी माणसं एका खोलीत जमतात, आळीपाळीने आपापलं सांगतात, चहा पितात आणि घरी जातात. फी नाही, हजेरी नाही, डॉक्टर नाही. आज सकाळी तो पहिल्यांदा गेला होता. पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर एक बैठक भरते, ती चांगली आहे, असं त्याला ताईने सांगितलं होतं.

ती चांगली आहे हे ताईला कसं कळलं, असं कोणी विचारलं नाही. या घरात तो प्रश्नच नसायचा. शाळा, दातांचा डॉक्टर, भाड्याचं घर, सून, जे काही नवं असेल ते ताई आधी बघून येई, मग बाकीचे जात. तिची नोकरीही तीच होती. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात न सांगता शिरायचं, झाकणं उघडायची, फडकी हुंगायची आणि शेरा मारायचा. शहरातले आचारी तिला लांबून पाहूनच हात धुवायला धावत. घरात तिच्या माघारी तिला मुकादम म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

दार वाजलं. छोट्या मान वाकवून आत आला. चेहऱ्यावरून काही कळेना. रडून आल्यासारखाही होता आणि हसू दाबल्यासारखाही.

"कसं झालं?" अण्णांनी पेपराआडून विचारलं.

"झालं चांगलं."

"माणसं कशी आहेत?" ताई म्हणाली.

"तुला माहीत असेल."

"मला कसं माहीत असणार?" ताईने भांड्याचं झाकण उचललं. "बस. गार होतंय."

तो बसला. उजव्या हाताला अजून पट्टी होती. बायकोने न विचारता त्याच्या ताटातल्या कोंबडीची हाडं काढून ठेवली आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. जेवण असं झालं की जणू सगळ्यांना नंतर कुठेतरी परीक्षेला जायचं होतं. भाऊजींनी एकदा पावसाचा अंदाज सांगितला. ते वेधशाळेत होते, आणि बोलायला विषय नसला की त्यांना अंदाज सुचत.

मग कॉफी आली. ताईने साखरेची बरणी पुढे केली. बरणीच्या गळ्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला चमचा. अण्णांच्या घरात साखरेचा चमचा असाच असे. ताईने तो शाळेत असताना बांधला होता, कारण 'चमच्यांना पाय फुटतात'. सुतळी मधूनमधून बदले, गाठ मात्र तीच, दुहेरी, वर एक फास.

छोट्याने चमचा उचलला आणि सुतळी ताणून पाहिली.

"ताई, जगात अजून किती घरांत साखरेचा चमचा बांधून ठेवतात?"

"ज्यांना अक्कल आहे ते ठेवत असतील."

"तलावाच्या वर ठेवतात."

भाऊजींचा हात काकडीवर थांबला.

"हीच सुतळी," छोट्या म्हणाला. "हीच गाठ. कप उपडे घातलेले, उंचीप्रमाणे, लहान पुढे. किटली अशी घासलेली की तीत मला माझं तोंड दिसलं. आणि ते तोंड मला म्हणालं, छोट्या, ताई इथे येऊन गेलीय."

"बघून आले होते," ताई शांतपणे म्हणाली. "मग? न बघता पाठवू का तुला? त्या किटलीत आतून पांढरा थर होता, बोटभर."

"एकदाच बघून आलीस?"

"एक-दोनदा."

भाऊजी खाकरले. "दर गुरुवारी ती पोहायला जाते ना," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "थंडी सुरू झाली तेव्हापासून. पोहायचा पोशाख अजून कोरा करकरीत आहे. केस कोरडे. म्हटलं, असेल एखादी नवी पद्धत."

"अहो, तुम्ही गप्प बसा."

"गप्पच होतो. थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"पुढचं ऐका," छोट्या म्हणाला. आता हसू त्याला दाबता येत नव्हतं, आणि हसायचं तर त्याच्या मनात नव्हतं. "माझी पाळी आली. मी सुरुवात केली. दुकानातला तो मोठा आरसा, सोनेरी चौकटीचा, जो कोणी न्यायला आलाच नाही. म्हटलं, बाटली मी त्याच्या मागे ठेवतो. कारण आरशासमोर आला की माणूस स्वतःकडे बघतो, आरशाच्या मागे बघत नाही. हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं. वाटलं होतं, ऐकतील आणि चूप होतील. तर एक शिवणकाम करणारी बाई पटकन म्हणाली, 'अगंबाई, पुन्हा आरसा!'"

भावजयीने कप खाली ठेवला.

"एक ड्रायव्हरकाका ती बैठक चालवतात. त्यांनी तिला डोळ्यांनी दटावलं. बाकीचे आपापल्या कपात बघायला लागले. मी पुढे सांगतोय आणि सगळ्यांच्या तोंडावर असा भाव, की सिनेमा दुसऱ्यांदा बघतायत. मधे एका ठिकाणी मला शब्द सापडेना, तर कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने तो पुरवला. बरोबर होता!"

भावजयीच्या तोंडून एक आवाज निघाला. सगळ्यांना वाटलं ठसका लागला. तो ठसका नव्हता. त्याचा हात कापल्यापासून ती या घरात हसली नव्हती.

अण्णांनी पेपर घडी करून ठेवला. "थांबा जरा. ताई, न पिणाऱ्या माणसाला तिथे बसू देतात?"

"नाही," छोट्याने उत्तर दिलं. "दारावर लिहिलंय. ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे त्यानेच यावं."

"मग ही..." अण्णांचा आवाज बारीक झाला. "ताई, तू पण?"

"अण्णा!"

"नाही, सांग तू. माझी तयारी आहे ऐकायची. आता काय, एक काय आणि दोन काय."

"ती पीत नाही अण्णा," भाऊजी म्हणाले. "ती पोहते."

यावर छोट्यासुद्धा हसला. ताई मात्र कॉफी ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

झालं होतं ते असं. ताईने आधी इस्पितळातली बैठक बघितली. ती जिन्यातूनच नापास झाली, कारण तिथला दारवान भावजयीला ओळखत होता. दुसरी एका शाळेत भरायची. तिथे खुर्च्या भाषणाला मांडल्यासारख्या एकामागे एक होत्या, आणि एक गृहस्थ आपल्या पिण्याच्या गोष्टी इतक्या चवीने सांगत होते की ताईलाच तहान लागली. तिसरी तलावाच्या वरची. ती आत जाणार नव्हती. दारातून किटली तेवढी बघायची होती. पण ड्रायव्हरकाकांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "पहिल्यांदाच आलात?" ती हो म्हणाली, कारण ते खरंच होतं. "पहिल्यांदा अवघड जातं," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. दारावरची पाटी तिने मग वाचली, आतून, काचेवर उलटी. यापेक्षा क्षुल्लक नियमभंगासाठी तिने लोकांना नोटिसा दिल्या होत्या. पाळी फिरत फिरत तिच्यापर्यंत आली. काय म्हणायचं तुम्हाला, असं कोणीतरी विचारलं. इथे ज्याला जे म्हणवून घ्यायचं असेल ते चालतं. "ताई," ती म्हणाली. आणि सगळी खोली एका सुरात म्हणाली, "या ताई."

आयुष्यात तिला हाक मारून कोणी काही मागितलं नाही असं ते पहिल्यांदाच झालं. पण हे ती टेबलावर बोलली नाही.

"मला वाटलं, खरं सांगितलं तर उठवतील," ती एवढंच म्हणाली. "आणि मग तुझ्यासाठी ती जागा गेली. चांगली जागा होती."

"म्हणून माझं सांगितलंस."

"माझं काय सांगणार? माझ्या लग्नात एक घोट घेतला होता, तो यांच्या शर्टावर सांडला."

"तो शर्ट अजून आहे," भाऊजी म्हणाले.

"सगळं सांगितलंस?" छोट्याने विचारलं.

"दुकान बदललं. चिनी मातीच्या भांड्यांचं केलं. पण आरसा ठेवला. आरसा बदलून चालला नसता."

"आणि मी कुठे आहे त्यात? का मी नाहीच?"

ताईने बरणी आपल्याकडे ओढली, सुतळी बोटाला गुंडाळली.

"तू नाहीस. मी तू आहे. आणि मला एक थोरला भाऊ आहे. तो सगळ्यांचं सगळं बघतो. रोज संध्याकाळी कामावरून येताना दुकानात डोकावतो. आरशाच्या मागे हात घालतो, बाटली बघतो, आणि परत तिथेच ठेवतो. बोलत काही नाही."

खिडकीतून रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकू आली. भाऊजींनी अंदाज सांगितला नाही.

"तुला माहीत होतं," छोट्या म्हणाला.

"मी तपासणी करते रे. मला झाकणामागचं दिसतं."

"कधीपासून?"

"बरेच दिवस. म्हटलं, बोलले तर तू जागा बदलशील, आणि मग मला कळणारच नाही किती होतंय. निदान इथे मापात होतं." तिने बोटाची सुतळी सोडवली. "थोडं पाणी घालत होते मी."

"काय?"

"थोडंच. तू गेल्यावर. झाकण नीट लावून."

छोट्या ताडकन उभा राहिला आणि लगेच बसला. "म्हणून! म्हणून ती चढत नव्हती! मी त्या दुकानदाराशी भांडलो, ताई! भर दुकानात! म्हटलं, भेसळ करतोस, पोलिसात देईन! तो बिचारा आईची शपथ घेत होता!"

आता भावजय खुर्चीच्या पाठीला धरून हसत होती. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भाऊजींनी हातरुमाल आधी सासऱ्यांना दिला आणि मग परत मागून घेतला. ताईलाही हसू आलं आणि ती घाईघाईने म्हणाली, "पण कमी तरी गेली ना पोटात!"

"कमी?" छोट्या म्हणाला. त्याचं हसू सगळ्यांच्या आधी संपलं होतं. "मी दुसरी बाटली ठेवायला लागलो, ताई. पहिली चढेना म्हणून."

दुसऱ्या बाटलीचं ताईला माहीत नव्हतं. ती कुठे असायची, हे विचारायला तिचं तोंड उघडलं आणि तिने ते मिटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती, आणि तीही तिच्याच हातच्या पाण्याने झाली होती.

"मी तिथे परत जाणार नाही," छोट्या म्हणाला. तो टेबलाशी बोलत होता. "मला राग नाही आलेला. पण एक तरी जागा मला अशी हवी होती जिथे तू आधी बसून आलेली नाहीस. शाळेत गेलो तर बाईंना तू सांगून ठेवलेलं, हा गणितात कच्चा आहे. लग्न झालं तर हिला तू आधी बघितलेली."

"मला बघायला आल्या तेव्हा यांनी आमचा फ्रिज उघडला होता," भावजय म्हणाली. "आई अजून सांगते."

"त्यात झाकण नसलेलं दूध होतं," ताई म्हणाली. पण आवाजात जीव नव्हता. मग सवयीने तिच्या तोंडून निघालं, "बरं, जाऊ दे. मी दुसरी एखादी बैठक बघते..."

"नको!"

चौघं एकदम म्हणाले. अण्णांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

भावजयीने कप गोळा केले. ते काम ताईचं. ताई उठायला लागली तर भावजय म्हणाली, "तुम्ही बसा, ताई." मग नवऱ्याकडे बघून, त्याच न चढलेल्या आवाजात, "तू जा किंवा जाऊ नकोस. ताई तिथे होत्या म्हणून गेलो नाही, हे कारण मात्र मला शुक्रवारी सांगू नकोस. ते माझ्याकडे चालणार नाही." आणि ती आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. ताईला उठून बघावंसं वाटलं की ती कप कसे धुते. ती उठली नाही.

निघताना छोट्या दारात थांबला. "तू त्यांना सांग," तो म्हणाला. "खरं काय ते. मी परत गेलो, तर माझी गोष्ट मला परत हवीय."

गुरुवारी ताई तलावावर गेली. या वेळी तिने पोशाखाची पिशवी घरीच ठेवली. भाऊजींनी फक्त विचारलं, "आज पाण्यात नाही?"

वरच्या खोलीत तीच ऊब होती, तोच क्लोरीनचा वास, आणि खालून प्रशिक्षकाची शिटी. तिने चहाच्या टेबलाकडे पाहिलं नाही. पाळी यायची वाटही पाहिली नाही. उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकलं, की तिने कधी घेतलेली नाही, ती खोटं बोलत आली, जे सांगितलं ते दुसऱ्या कुणाचं होतं आणि त्या माणसाची परवानगी नव्हती. दुसरा कोण ते तिने सांगितलं नाही. खोलीतल्या निम्म्या लोकांनी तो रविवारी पाहिला होता, आणि त्यांनीही काही माहीत असल्यासारखं दाखवलं नाही.

तिला वाटलं होतं, कुणी तरी चिडेल. शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "संपलं? बसा मग."

"तुम्ही... रागावला नाहीत?"

"ताई," ड्रायव्हरकाका म्हणाले, "तुम्ही घेत नाही हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं."

"कसं?"

"तुम्ही म्हणालात, अर्धा पेला तसाच ठेवून तुम्ही उठलात, जेवण वाढायचं होतं म्हणून."

कोपऱ्यातला म्हातारा खुदकन हसला. "अर्धा पेला ठेवून!" तो शेजारच्याला म्हणाला. "कोण उठतं हो?"

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?" ताई जवळजवळ ओरडलीच. "दारावर पाटी आहे! नियम आहे!"

"आहे ना. पण तुम्ही येत होता, रडत होता आणि जाताना कप धुवत होता. म्हटलं, हिला कशाची तरी गरज आहे. कशाची ते हिचं हिला कळेल." ड्रायव्हरकाकांनी चष्मा पुसला. "इथे कोणी कोणाला तपासत नाही, ताई."

ती खुर्चीत बसली. मग विचारलं, जे विचारायला ती खरी आली होती. "एखाद्याची गोष्ट आधीच कोणी सांगून टाकली असेल, तर त्याने पुढे काय करायचं?"

"तीच सांगायची. आमच्यात नवी गोष्ट आहे कुणाकडे?" ते म्हणाले आणि तिला दारापर्यंत सोडायला आले. "तुमच्यासारख्यांची वेगळी बैठक असते. घरच्या लोकांची. खाली, शॉवरच्या शेजारच्या खोलीत, रविवारी, आमच्याच वेळेला. पिणारं माणूस वर, त्याचं घर खाली."

जिन्यावरून उतरताना ती त्या खोलीवरून गेली. दार बंद होतं. मुठीवर हात ठेवून आत डोकावून यायला काहीच हरकत नव्हती. तिने हात पर्समध्ये घातला आणि ती रस्त्यावर आली.

शुक्रवारचा दिवस तिने असा काढला की तिच्या हाताखालचे लोक घाबरले. एका हॉटेलात उघडं पातेलं दिसूनही ती काही बोलली नाही. मालकालाच राहवलं नाही, त्याने स्वतःहून झाकण घातलं. संध्याकाळी तिने फोन हातात घेतला. भावजयीने काय कळवलं असेल? छोट्या काय म्हणाला असेल? ड्रायव्हरकाकांचं वाक्य त्याला सांगितलं तर तो जाईल, नक्की जाईल, हे तिला दिसत होतं. आणि मग तो तिच्या सांगण्यावरून गेलेला असेल.

तिने फोन भाऊजींच्या हातात दिला. "हा कुठेतरी ठेवा. मला सांगू नका कुठे."

"आरशाच्या मागे ठेवू?"

"अहो!"

शनिवारी तो फोन भाऊजींच्या खिशात वाजला. छोट्या होता. "उद्या सकाळी तलावाशी ये," तो म्हणाला, आणि ठेवून दिला.

रविवारी ती पोचली तेव्हा तो पायऱ्यांवर उभा होता. दाढी केलेली, हाताची पट्टी आता लहान झालेली. त्याच्या शेजारून ओल्या केसांची मुलं रांगेने बाहेर पडत होती. तो बराच आधी आलेला दिसत होता, कारण त्याच्या शर्टाच्या पाठीवर आतल्या वाफेचा दमटपणा होता.

"मी बघून आलो," तो म्हणाला.

"काय?"

"तुझी खोली. शॉवरच्या शेजारची. घरच्यांची बैठक तिथे भरते असं ड्रायव्हरकाकांनी सांगितलं, किल्लीही दिली." तो तिच्याकडे न बघता, तिच्याच कामाच्या आवाजात सांगत राहिला. "उजेड बरा आहे. खिडकीची एक काच तडकलीय, ती मी पुढच्या आठवड्यात बदलून देईन. दाराजवळची खुर्ची डुगडुगते, तिच्यावर बसू नकोस. चहा पांचट असतो म्हणतात. किटली जेमतेम पास आहे. आणि चमचे सुटे आहेत, ताई. सुटेच राहू दे."

ताईचा हात पर्सकडे गेला. तिच्या पर्समध्ये सुतळीचं रीळ होतं. तिने पर्सची चेन लावून घेतली.

"आणि तू?" तिने शेवटी विचारलं.

"मी वर चाललोय. माझी गोष्ट दुसऱ्यांदा ऐकवतो त्यांना. या वेळी पाणी न घालता." तो दोन पायऱ्या चढला आणि वळला. "ती आत आहे. तुझ्यासाठी जागा धरून बसलीय. अजून एक महिना द्या म्हणून कळवलं तिने शुक्रवारी त्या इस्पितळाला. मला कारण सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही."

मग तो गेला. जिन्याच्या वळणावर छत बसकं होतं. त्याने मान वाकवली.

शॉवरच्या शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतमध्ये मूठभर माणसं गोल करून बसली होती, आणि भावजयीने शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली होती. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. ताईने तिला वळसा घातला.

एक पांढऱ्या केसांची बाई उठून पुढे आली. "या ना. पहिल्यांदाच आलात?"

"हो," ताई म्हणाली. "पण माझा भाऊ आधी बघून गेलाय."